एलेनाच्या गाई

ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, तेव्हा माझ्या पुतणीचा, मुक्ताचा फोन आला. "काका, बाबा गेले… खुर्चीतच. I thought he was napping." इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये तिचं घर माझ्या घराजवळच; मी तसाच धावलो. महिना उलटून गेला, पण खुर्चीत झोपल्यासारखा दिसणारा दादाचा तो चेहरा अजून नजरेसमोरून हलत नाही.

दादा परभणीचा, गुरांचा डॉक्टर. तरुणपणी एका डेअरीच्या नोकरीवर उरुग्वेला गेला आणि तिथल्या गवताळ माळांवर रमला. "इथे माणसांपेक्षा गाई जास्त, म्हणून माझं बरं चाललंय," असं फोनवर सांगायचा. मग गुरांमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली. साथ पसरू नये म्हणून शेजारचे कळपही मारून टाकायचे, असा हुकूम निघाला. एलेना नावाच्या विधवेच्या गाई धडधाकट दिसत होत्या, तरी दादाने त्यांना मारण्याच्या कागदावर सही केली. त्या बिथरू नयेत म्हणून तिनेच एकेकीला नावाने हाक मारून फाटकाशी आणलं… मारल्यानंतर झालेल्या तपासणीत त्या निरोगी निघाल्या. आणि थोड्याच दिवसांत सरकारने मारणं थांबवून लस टोचायला सुरुवात केली.

"अरे, नियमच होता ना," मी समजावायचो.

"नियम गाईंना कुठे ठाऊक होता?" तो म्हणायचा.

वहिनी गेल्यावर तो मुक्ताकडे राहायला आला. गेल्या वर्षी मात्र हट्टाने मला घेऊन उरुग्वेला गेला. एलेना आता पार थकलेली. दादाने दारात उभ्या उभ्याच माफी मागितली. तिने त्याला हाताला धरून बसवलं आणि हलक्या आवाजात काही सांगितलं. मला स्पॅनिश येत नाही, पण दादाचा चेहरा पडलेला दिसला.

गाडीत बसल्यावर तो बोलला. "ती म्हणाली, 'डॉक्टर, हाक तर मी मारली होती. माझ्या आवाजावर विसंबून आल्या बिचाऱ्या…' मला वाटायचं, हे ओझं माझं एकट्याचं आहे. तिलाही इतकी वर्षं तेच वाहायला लावलं रे मी."

 

परतल्यापासून दर रविवारी तो मला गावाबाहेरच्या एका डेअरी फार्मपाशी ड्राइव्ह करायला लावायचा. तिथे तारेच्या कुंपणाशी गाईंकडे बघत उभा राहायचा. परवाच्या रविवारी मी एकटाच गेलो. लांब चरणाऱ्या गाई कुणी हाक न मारताच कुंपणापाशी आल्या, माझ्याकडे बघत राहिल्या. मला मात्र तिथे उभं राहवेना.