झाकणावरचा ठेका

मुलीच्याच शाळेत मी खिचडी शिजवते. स्वयंपाकाची शेड आणि संगीताचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. यंदा आलेल्या मॅडम गाणी पाठ करून घेत नाहीत. मुलं गोल करून बसतात. दर शनिवारी एक जण घरात ऐकलेला ताल आणतो आणि त्या दिवशी तोच गुरुजी. मॅडमसुद्धा खाली बसून त्याच्याकडून शिकतात. कोणी भजनाचा आणला, कोणी लेझमीचा.

माझी मुलगी पाचवीत. माझ्यापेक्षा एक इयत्ता पुढे. तिची पाळी आली तेव्हा म्हणाली, "मम्मी, आपल्याकडे काहीच वाजत नाही का?"

वाजत नाही. तरुणपणी सासऱ्यांनी गावकीची कामं सोडली, तेव्हा हलगी स्वतःच्या हातानं चुलीत घातली. लोकांच्या वरातीपुढे, मयतीपुढे वाजवायची आणि जेवायला मात्र लांब बसायचं, अशी ती हलगी. आमच्या घरात कोणी ताट वाजवलेलंही त्यांना चालत नाही.

माझे वडील मात्र शेवटपर्यंत वाजवत होते. त्यांचा एक ठेका माझ्या बोटांत राहिलाय. कोणाला कधी सांगितलं नव्हतं. पण पोरीचं तोंड बघवेना. सासरे विहारात गेले की पातेल्याचं झाकण पालथं घालून मी तिला तो शिकवला. वाटलं, झाकणावर वाजवलं तर ती हलगी थोडीच.

शनिवारी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. "आधी डावा हात. घाई नको. ए, तू तर भाकरी थापतोयस!" सगळे हसले. मग डब्यांच्या झाकणांवर सगळा वर्ग एकदम वाजवायला लागला. माझी खिचडी खाली लागली, मला वासही आला नाही.

मॅडमनी तो ठेका स्नेहसंमेलनात घेतला. मुलीनं मला न विचारता आजोबांना बोलावलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते दुसऱ्या रांगेत बसले, मी त्यांच्या शेजारी. पहिल्या चार ठोक्यांतच त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मागून एक पालक म्हणाला, "ही पुढची कोणाची रे? हात बघ. यांच्या रक्तातच असतं."

दुसरा हसला. "मग पोराच्या लग्नाची सुपारी आत्ताच देऊन ठेव."

सासरे उठले. मुलगी वाजवता वाजवता त्यांची पाठ बघत राहिली.

घरी ते एवढंच म्हणाले, "माझ्या गळ्यातली मी जाळली, सूनबाई. तू नातीच्या गळ्यात घातली." मुलगी दारात उभी होती. त्यांचं खोटं नव्हतं. पोरीचंही काही चुकलं नव्हतं.

आता शनिवारी ती गोलात हात मांडीखाली दाबून बसते. मॅडम शेडपर्यंत आल्या. "ताई, तिनं वाजवणं का सोडलं? घरी काही झालं का?"

"बोट दुखतंय तिचं," मी म्हणाले.

मधल्या सुट्टीत मुलं खिचडीच्या रांगेत ताटांवर तोच ठेका धरतात. सगळ्यांना येतो आता. परवा तिच्या मागच्या मुलाचा डावा हात चुकत होता. तिनं वळून पाहिलं, ओठ हलले. मग ताट पुढे करून मला म्हणाली, "थोडीच वाढ."