झाडूच्या खोलीतले संत

उजव्या हाताचं बोट टेबलावर दोनदा आपटायचं आणि म्हणायचं, “राइट इट.” लिहून दे. बाईंची सगळी भांडणं या दोन शब्दांत सुरू व्हायची आणि बहुतेक वेळा तिथेच संपायची, कारण समोरचा माणूस लिहून द्यायला तयार नसायचा.

रेजिना शहरातल्या आमच्या सरकारी इमारतीत त्या साफसफाईचं काम करत. मूळच्या अर्जेंटिनाच्या, उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका लहानशा गावातल्या. कॅनडात येऊन तीसेक वर्षं झालेली. ऑफिसात सगळे त्यांना ‘सेन्योरा’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचं ‘बाई’च. झाडूपोछा करणाऱ्या बाईला अगं-तुगं करायची आपल्याला जी खोड असते, तसं मी निदान इथे तरी करणार नाही. इंग्रजी आमचं दोघींचंही उसनं. त्यांचं स्पॅनिश वळणाचं, माझं नागपुरी. तरी आम्हाला एकमेकींचं बोलणं कळायचं आणि गोऱ्या मंडळींना दोघींचंही कळायचं नाही. या लेखात मी त्यांना सरळ मराठीत बोलायला लावते आहे. त्यांनी हरकत घेतली नसती.

माझी त्यांची ओळख झाली ती दरवाज्यावरून. नव्या सुपरवायझरनं फर्मान काढलं, की सफाईच्या लोकांनी यापुढे मागच्या, माल उतरवायच्या दारानं यायचं. पुढच्या लॉबीत पाहुणे असतात, बरं दिसत नाही. बसस्टॉप पुढच्या दारासमोर, आणि बाहेर उणे तीस. मागच्या दाराशी जायचं म्हणजे अख्ख्या इमारतीला वळसा. बाईंनी लॉबीतल्या काउंटरवर बोट आपटलं.

“लिहून दे. ‘सेन्योरानं पुढच्या दारानं येऊ नये, कारण ती झाडते.’ खाली सही कर.”

सुपरवायझर म्हणाला, “कम ऑन, इट्स जस्ट अ रिक्वेस्ट.”

“मग माझं उत्तर नो.”

मी लिफ्टसाठी उभी होते. आमच्या आजोबांनी मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या वाड्यावर मागच्या दारानं जाणं ज्या दिवशी सोडलं, त्या दिवसाची गोष्ट आमच्या घरात सणासारखी सांगितली जाते. मी लिफ्ट सोडून दिली आणि बाईंना जाऊन म्हटलं, “गुड मॉर्निंग.” दुसऱ्या दिवशी सफाईचे सगळेच पुढच्या दारानं आले.

संतांचा शोध मला कॉफी सांडल्यामुळे लागला. पुसायला काही मिळतं का बघायला मी झाडूच्या खोलीत गेले आणि कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला तीन रांगांत रंगीत चित्रं चिकटवलेली. डोक्यामागे प्रभावळी, हातात फुलं, मेंढरं, पुस्तकं. मला वाटलं, झाली बाईंची देवपूजा उघडी. मी दार लावणार तेवढ्यात त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत, उलट बोट लावून ओळख करून द्यायला लागल्या.

वरची रांग पास झालेल्यांची. रोमनं, म्हणजे पोपच्या कचेरीनं, त्यांच्यावर संत म्हणून सही-शिक्का केलेला. मधली रांग उमेदवारांची. कुणाची चौकशी चालू, कुणाचा एक चमत्कार मंजूर, दुसरा बाकी. सरकारी नोकरी केलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. अर्ज, चौकशी, शेरा, बढती. सगळं आमच्यासारखंच, फक्त उमेदवार मेलेला असावा लागतो.

खालच्या रांगेत होते ते चर्चला मान्य नसलेले, पण लोकांना हवे असलेले. त्यांत एक बाई होती. नवऱ्याला लढाईवर धरून नेलं म्हणून त्याच्यामागे तान्हं मूल घेऊन वाळवंटात निघालेली आणि तहानेनं मेलेली. ती मेली, पण मूल तिच्या छातीशी दूध पीत जिवंत सापडलं, असं म्हणतात. तिकडे लोक रस्त्याच्या कडेला तिच्या नावानं पाण्याच्या बाटल्या ठेवतात. कपाटातही तिच्यासमोर एक बाटली होती, काठोकाठ भरलेली.

“मेलेल्या बाईला पाणी कशाला?” मी विचारलं.

“जिवंत होती तेव्हा कोणी दिलं नाही म्हणून.”

पाण्यावरून माझ्या लोकांनीही कमी सोसलेलं नाही.

सगळ्यांत खाली, कोपऱ्यात, एक काळापांढरा फोटो होता. प्रभावळ नाही, फुलं नाही. चष्मा लावलेली, दात जरा पुढे असलेली एक नन, हातात पत्र्याचा डबा. बाई त्या फोटोवरून ओलं फडकं इतकं हळू फिरवायच्या, की बघणाऱ्यालाच अवघडल्यासारखं व्हावं. “ही हर्माना,” त्या म्हणाल्या. हर्माना म्हणजे बहीण, सिस्टर. “आमच्या गावची. हिची अजून फाइलसुद्धा उघडली नाही.”

बाईंनी माझ्यावरही सूड उगवला. माझ्या टेबलावर निळ्या कोटातल्या, चष्म्यातल्या, हातात पुस्तक धरलेल्या गृहस्थांचा फोटो असतो. तुम्ही ओळखलंच असेल. जयंतीच्या दिवशी मी त्याला छोटासा हार घातलेला त्यांनी पाहिला.

“हा तुमचा संत?”

“नाही हो. आम्ही संत-बिंत मानत नाही. चमत्कार तर मुळीच नाही.”

“मग हार कशाला? यानं केलं काय?”

मी जरा विचार करून म्हटलं, “यांनी लिहिलं.”

बाईंनी फोटोकडे नीट पाहिलं आणि टेबलाचा तेवढा भाग दुसऱ्यांदा पुसला.

एका हिवाळ्यात त्यांच्याकडच्या एका आदिवासी तरुणाची फाइल पुढे सरकली, तेव्हा बाईंनी आटवलेल्या दुधाचं सारण भरलेली बिस्किटं अख्ख्या मजल्याला वाटली. आपल्या पेढ्याच्या जवळपास जाणारी चव. मी चार खाल्ली आणि चमत्कार न मानता खाल्ली, असं त्यांना सांगितलंही. त्यावर म्हणाल्या, “पोटाला फरक पडत नाही.” पण त्या दिवशी चित्र वर सरकवताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या फोटोवर गेलेली मी पाहिली.

आणि मग ते पत्र आलं.

बाई जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्यासमोर पहिल्यांदा बसल्या होत्या. शपथपत्रावर सही-शिक्का करायचा अधिकार माझ्याकडे आहे हे त्यांना ठाऊक होतं. गावच्या चर्चनं हर्मानासाठी समिती नेमली होती. फाइल उघडण्यासाठी त्यांना एक चमत्कार हवा होता आणि तो चमत्कार म्हणजे खुद्द बाई होत्या.

सात वर्षांच्या असताना त्यांना न्यूमोनिया झाला. हर्माना वारून तेव्हा तीन आठवडे झाले होते. डॉक्टर महिन्यातून एकदा यायचा. शेजारणी जमल्या, आजीनं हर्मानाची शाल पोरीच्या अंगावर पांघरली, सगळ्यांनी प्रार्थना केली आणि सहाव्या दिवशी पोर उठून बसली. पन्नास वर्षं गाव ही गोष्ट सांगत होतं. समितीनं निवेदन आधीच स्पॅनिशमध्ये टाइप करून पाठवलं होतं. बाईंनी फक्त एखाद्या सरकारी माणसासमोर सही करायची होती.

मी शिक्का काढला. बाईंनी माझा हात धरला. “आधी ऐक. काय लिहिलंय ते तुला कळल्याशिवाय शिक्का मारायचा नाही.”

एकेक ओळ त्या इंग्रजीत सांगत गेल्या. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ‘मला कोणतंही औषध देण्यात आलं नव्हतं.’

“हे खोटं आहे,” बाई म्हणाल्या.

त्यांची आई गावात धुणी धुवायची. हर्मानानं तिला इंजेक्शन द्यायला शिकवलं होतं. म्हणायची, डॉक्टर तारीख बघून येतो, ताप बघत नाही. हर्माना गेली आणि जमीनदाराच्या कारभाऱ्यानं तिच्या दवाखान्याला कुलूप ठोकलं, आत औषधं असताना. पोरगी तापानं फणफणली तेव्हा आईनं दगडानं ते कुलूप फोडलं आणि हर्मानाचा औषधांचा पत्र्याचा डबा ॲप्रनखाली लपवून घरी आणला. शेजारणी यायच्या आत ती सुई टोचायची आणि वर शाल ओढून ठेवायची. खरं बोलली असती तर चोरीखाली आत गेली असती. पुढे गाव चमत्कार म्हणायला लागलं, तेव्हा तिनं तेही म्हणू दिलं. चमत्काराला पोलीस हात लावत नाहीत. लेक कॅनडाला निघाली त्या दिवशी मात्र आईनं तिला सगळं सांगितलं आणि फुटकं कुलूप तिच्या बॅगेत टाकलं.

आता मी काय बोलले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी, चमत्कार न मानणारी, पाच वर्षांच्या लेकीला “प्रूफ काय?” विचारायला शिकवणारी, त्यांना म्हणाले, “एकच ओळ आहे हो. करून टाका सही. तुम्हाला तर हर्माना संत व्हायला हवी आहे. कुणाचं काय जातंय?”

बाईंनी बोट आपटलं. दोनदा.

“लिहून दे. ‘शपथ देणारी बाई म्हणते, खोटं चालेल.’ सही कर.”

माझे कान तापले. मी शिक्का डब्यात ठेवला.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, “हर्माना संत व्हावी असं माझ्याएवढं कुणालाच वाटत नसेल. पण ही ओळ ठेवली तर दुसरीच कोणीतरी संत होईल. शालवाली. माझी हर्माना डबेवाली होती. खांद्याला पट्टे पडेपर्यंत तो डबा घेऊन डोंगर चढायची. माझ्या आईला सुई धरायला शिकवायची. मला तिनं वाचवलं, आणि तेसुद्धा मेल्यावर. याहून मोठा चमत्कार रोमला कुठला हवाय?”

टाइप केलेला कागद त्यांनी उभा फाडला. पुढचे चार दिवस जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी बसून त्यांनी स्वतःच्या हातानं सहा पानं लिहिली. कुलूप, दगड, डबा, सुई, आईचं नाव, सगळं. शेवटची ओळ त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली. ‘औषध होतं आणि ते हर्मानाचं होतं. तरीही, नव्हे म्हणूनच, तिला संत म्हणा.’

शपथ देताना मी नियमाप्रमाणे विचारलं, “बायबल आणू?” त्यांनी पर्समधून ते कुलूप काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला. असं चालतं का, हे मी नियमात शोधलं नाही. मी शिक्का मारला.

आठवडाभरानं त्यांच्या धाकट्या बहिणीचा गावाहून फोन आला. बाई मॉप हातात धरून कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून बोलत होत्या, म्हणजे ऐकतच होत्या. नंतर म्हणाल्या, “ती विचारते, आईला चोर ठरवलंस? सगळं गाव वाट बघत होतं, तू माती केलीस.” मॉप बादलीत पिळला. “मी म्हटलं, हो, आई चोर होती. लिहून दिलंय मी.” मग मॉप तसाच सोडून झाडूच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. त्या दिवशी आमच्या मजल्याचा अर्धा कॉरिडॉर ओला आणि अर्धा कोरडा राहिला. त्या बहिणीनं पुन्हा फोन केला नाही.

समितीचं उत्तर यायला वर्ष गेलं. चार ओळी. नोंदवलेली घटना निकषांत बसत नाही, सबब प्रकरण तूर्त थांबवण्यात येत आहे. बाईंनी ते वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, “निदान लिहून तरी दिलं.” पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या. आम्हाला वाटलं, आता लेकाकडे व्हँकुव्हरला जातील. बाईंनी गावचं तिकीट काढलं.

“तिथे तुमच्याशी कोण बोलणार आहे?” मी विचारलं.

“त्यांनी बोलायचं नाही. मी बोलणार. पत्र घडी घालून ठेवता येतं, मला नाही येणार.” पर्सवर थाप मारली तर आतलं कुलूप वाजलं. लॉबीतून, पुढच्या दारानं त्या गेल्या. मी दारापर्यंत गेले आणि भर ऑफिसात रडले, काय लपवायचं?

त्यानंतर एकच पत्र आलं. मोडक्या इंग्रजीत, मोठ्या अक्षरात. ‘समितीनं ऐकून घेतलं. लिहून घेतलं नाही. मी दर सोमवारी जाते.’ मी तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. त्या अजूनही सोमवारी जात असतील, की हर्मानाच्या शेजारी जाऊन झोपल्या असतील, मला माहीत नाही.

त्यांच्यानंतर बऱ्याच दिवसांनी मी झाडूच्या खोलीत गेले. कपाटाचं दार उघडलं. जाण्याआधी बाईंनी काम करून ठेवलं होतं. हर्मानाचा काळापांढरा फोटो कोपऱ्यातून निघाला होता आणि सगळ्यांत वरच्या रांगेत, रोमनं पास केलेल्यांच्या बरोबर मधोमध बसला होता. त्याच्याखाली शपथपत्राच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स, आणि तिच्यावर माझा शिक्का. जगातल्या एकाच कचेरीनं हर्मानाचे कागद खरे मानले होते आणि ती कचेरी माझी होती.

मी संत-बिंत मानत नाही, हे सांगितलंच आहे. खालच्या रांगेसमोरची बाटली रिकामी झाली होती, ती मी भरून ठेवली. पुढेही भरत राहिले.

सुपरवायझरच्या ते लक्षात आलं. एके सकाळी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “ते कपाटातलं सगळं काढून टाकायला हवं. सरकारी जागा आहे. तुझी मैत्रीण होती, तूच काढ.”

माझं बोट टेबलावर कधी आपटलं ते मलाच कळलं नाही. दोनदा.

“लिहून द्या,” मी म्हटलं.

आमचं ऑफिस त्या इमारतीतून हललं, तोपर्यंत तरी त्यांनी लिहून दिलेलं नव्हतं.