आर्म उलटा फिरवताना

तृप्ती ओव्हाळच्या डाव्या भुवईवर एका जुन्या खोकेचा व्रण आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी चार किलोचा कटर मशीनच्या पकडीतून सुटला आणि थेट तिच्या कपाळावर आला. सहा टाके पडले. आठव्या दिवशी ती कामावर हजर झाली ती त्याच मशीनपुढे जाऊन उभी राहिली. तो कटर का सुटला हे कळल्याशिवाय तिला चैन पडेना.

पुढे तेच तिचं काम झालं. पिरंगुटच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारी, लोखंड कापणारी बारा मिलिंग मशीनं होती. प्रत्येकाच्या बाजूला चोवीस टूल्सचं चक्र आणि मध्ये दोन तोंडांचा एक लोखंडी हात. एका तोंडाने चक्रातलं टूल धरायचं, दुसऱ्याने स्पिंडलमधलं, म्हणजे टूल गरगर फिरवणाऱ्या दांड्यातलं, दोन्ही एकदम ओढून काढायची, अर्धा फेरा घ्यायचा आणि अदलाबदल करून बसवायची. पापणी लवायच्या आत. कामगार त्याला नुसतं आर्म म्हणत. आर्म केसभर वर-खाली झाला, किंवा स्पिंडल दोन अंश तिरका थांबला, की टूल अर्धवट धरलं जातं, आणि मग ते कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. आर्म जागेवर आणायला घोटावड्यापासून उरवड्यापर्यंतचे कारखानदार तृप्तीला बोलवायचे.

तिच्या रागाचीही तेवढीच ख्याती होती. एकदा एका ऑपरेटरने गंमत म्हणून तिची ओढणी फिरत्या कटरजवळ टाकली. तिने त्याची मान धरून तोंड कटर थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत दाबलं. वर आल्यावर तो खोकत बसला आणि ही पुढच्या कामाला लागली. वडील कोंडीराम पौडला गवंडीकाम करायचे. ते म्हणायचे, “हात आवर, पोरी. एक दिवस महागात पडंल.”

तो दिवस ऑक्टोबरात उजाडला. तीन नंबरच्या मशीनवर टूलची धडक बसून आर्म वाकला होता. नवा आर्म बसवून झाला होता, पण तो अजून जुळवायचा होता, आणि त्याला आख्खा दिवस लागतो. सुरज सुपरवायझर सकाळपासून घिरट्या घालत होता. तो मालकाचा पुतण्या. माल संध्याकाळी जायचा होता.

“अजून किती?” त्याने चौथ्यांदा विचारलं.

“हुईल तवा सांगते,” तृप्ती म्हणाली.

तिने इमर्जन्सीचं लाल बटण दाबून मशीन मेलेलं ठेवलं होतं. मागच्या मोटरच्या टोकाला पाना लावून ती आर्म हाताने बोटबोटभर फिरवत होती आणि मधूनमधून आत वाकून बघत होती. तपासणीसाठी आत लावलेला टूलचा होल्डर सारखा कलत होता. म्हणून तिने त्या मशीनच्या ऑपरेटरला हाक मारली. शंभू वाघमारे चाळिशीचा, ताम्हिणीकडच्या वाडीचा, शांत माणूस.

“शंभूदादा, आत हात घाल आन् ह्ये सरळ धर जरा.”

“हाय का सगळं बंद?”

“बंद हाय.”

शंभूने उजवा हात कोपरापर्यंत आत घातला. तृप्ती मशीनच्या मागे गेली.

दार उघडं असताना मशीन चालू होऊ नये म्हणून दाराला एक स्विच असतो. या कारखान्यात बाराही स्विचांमध्ये जादा किल्ली खुपसून वरून टेप मारलेली होती, म्हणजे दार कायम बंद आहे असंच मशीनला वाटायचं. सुरजचाच हुकूम होता तो. तृप्तीला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

सुरज पुढून आला. त्याला पॅनेलवर लाल बटण दाबलेलं दिसलं, पण घाईत, पॅनेलवरच नजर ठेवून, शंभूचा आत घातलेला हात त्याने पाहिला नाही. त्याने बटण सोडवलं, रीसेट केलं आणि आर्मचं बटण दाबलं.

आवाज झाला तो हाड मोडल्याचा. शंभूची किंकाळी त्यानंतर आली.

तृप्ती धावत पुढे आली आणि तिने लाल बटणावर मूठ हाणली. आर्मच्या पंजाने शंभूचं मनगट स्पिंडलच्या तोंडावर चेचून धरलं होतं. रक्त टेबलावर आणि तिथून पत्र्याच्या कडेवरून खाली गळत होतं. धावत आलेल्या दोघा कामगारांनी शंभूला कमरेला धरून ओढायला सुरुवात केली होती. तो गुरासारखा ओरडत होता.

“सोडा त्याला,” ती म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. तिने एकाच्या पोटात लाथ घातली आणि दुसऱ्याला केस धरून मागे ओढलं. “वढू नका. हात तुटून येईल. नुसता खांद्यानं टेकू द्या.”

ती पुन्हा मागे गेली. ब्रेक सोडला, पाना लावला. मोटरचं टोक दोन्ही बाजूंना फिरतं. एका बाजूला पंजा सुटणार होता, दुसऱ्या बाजूला उरलेलं हाडही गेलं असतं. मागून शंभू दिसत नव्हता, फक्त ऐकू येत होता. सकाळपासून तेच टोक फिरवून तिच्या मनगटांना वाट पाठ झाली होती. तिने डावीकडे जोर दिला. पाना घामाने घसरला, तिचं नख उलटलं. पुन्हा लावला. एक फेरा, दोन, पाच. अकराव्या फेऱ्याला पुढून कुणीतरी ओरडलं, “सुटला.”

शंभूला कारखान्याच्या माल वाहायच्या गाडीतून पुण्याला नेलं. डॉक्टरांनी मनगटाच्या वर चार बोटं सोडून हात काढून टाकला.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा तृप्ती तिथेच उभी होती. पाना हातातच होता. मागे पाण्याच्या फवाऱ्यासारखा आवाज आला म्हणून ती वळली. सुरज कूलंटची पिचकारी घेऊन मशीनमधलं रक्त धूत होता. दाराच्या स्विचमधली किल्ली त्याने केव्हाच काढली होती.

“आर्म तू फिरवत होतीस,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “मी हितं न्हवतोच. रिपोर्टात तसंच जाईल. तुला काय कमी पडू देत न्हाई.”

पहिला घाव तिने पिचकारी धरलेल्या हातावर घातला. दुसराही हातावरच. तो वाकला तेव्हा तिसरा खांद्यावर बसला आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. चौथ्याला तिघांनी तिला मागून धरलं. सुरज कूलंटच्या चिखलात पडून पाय झाडत होता.

पौडच्या ठाण्यात कोंडीराम आले. चुन्याने पांढरे झालेले हात तसेच होते. ते लेकीशेजारी बाकावर बसले.

“मारायला नगं हुतं,” ते म्हणाले. “पण आता मारलंस, तर खोटं बोलू नगंस. त्याचंबी सांग, तुजंबी सांग.”

तिने सांगितलं. किल्ल्यांचं सांगितलं, लाल बटणाचं सांगितलं. शंभूला हात आत घालायला आपणच सांगितलं, तो ऑपरेटर होता, ते त्याचं काम नव्हतं, हेही सांगितलं. लिहिणाऱ्या हवालदाराने मान वर केली.

“रागाच्या भरात चुकून लागलं असं लिहू का?”

“चुकून न्हाई. हातच मोडायचा हुता मला. तसंच लिवा.”

जामिनावर सुटल्यावर ती सगळ्यात आधी शंभूच्या वाडीवर गेली. शंभूची बायको लिलाबाई दारात तांदूळ पाखडत होती. तृप्तीने नाव सांगितलं. लिलाबाई सूप खाली ठेवून उठली आणि तिने तृप्तीच्या कानाखाली वाजवली. मग दुसऱ्या गालावर. शेजारच्या बाया बाहेर आल्या. तृप्तीने हात उचलला नाही.

“तूच म्हनलीस ना त्याला हात घाल म्हून?”

“व्हय.”

“बंद हाय म्हनलीस ना?”

“व्हय. म्हनले.”

आतून शंभू बाहेर आला. बाही कोपराच्या खाली मुडपून पिनेने लावली होती. “मार, अजून मार तिला,” तो बायकोला म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग तो तृप्तीकडे वळला. “त्याला मारलंस म्हनं. लोक लई सांगत येत्यात मला. मला काय मिळालं त्यात?”

तो उंबऱ्यावर टेकला.

“ठाण्यात बोललीस त्येच कोर्टात बोल,” तो म्हणाला. “बदलू नगंस.”

ती बदलली नाही. तिच्या जबाबामुळे कारखान्यावर खटला उभा राहिला आणि शंभूच्या भरपाईचा दावा टिकला. त्याच जबाबामुळे अपघातात तिचाही दोष धरला गेला. सुरजला मारल्याची केस अजून चालू आहे. उलटतपासणीत वकिलाने विचारलं, पश्चात्ताप होतो का. “शंभूदादाचा होतो,” ती म्हणाली. वकिलाने आपण सुरजबद्दल विचारतोय असं सांगितलं, तेव्हा तिने नुसती नकारार्थी मान हलवली.

आता ती घोटावड्याच्या एका लहान कारखान्यात आर्म जुळवते. मशीनचा मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावते आणि किल्ली खिशात ठेवते. होल्डर धरायला तिने लाकडाची कैची, म्हणजे दोन पायांचा टेकू, करून घेतली आहे. तरी मध्यंतरी एकदा ती आत वाकलेली असताना प्रदीप नावाचा फिटर पॅनेलवर ठेवलेली त्याची पाण्याची बाटली घ्यायला आला. हात पॅनेलकडे जाताना तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला. पुढचं तिला आठवत नाही. भानावर आली तेव्हा प्रदीप मशीनच्या खांबाला टेकलेला होता, तिचा कोपर त्याच्या गळ्यावर होता आणि त्याचा चेहरा काळानिळा पडला होता. बाटली घरंगळत दारापर्यंत गेली होती.

तिने कोपर काढला. प्रदीप गळा चोळत खाली बसला. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, “चुकलं माझं.” त्याने मान डोलावली, पण तिच्यापासून थोडा मागे सरकला. ते तिला दिसलं. मग तिने उठून दाराजवळची बाटली उचलून आणली, बूच उघडलं आणि ती त्याच्या पुढ्यात ठेवून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.