हातापायानं धड

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, फार मोठ्यानं बोलणारा माणूस होता. 'होता' असं लिहिताना मला कसंतरी होतं, कारण ते आत्ता बाहेर सोप्यात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडतायत आणि त्यांची तब्येत उत्तम आहे. पण दुसरा शब्द मला सापडत नाही.

आम्ही बेळगावजवळच्या हिंडलग्याचे. थोडं भाताचं रान, थोडं रताळ्याचं. ते पहाटे रानात जाऊन यायचे, आंघोळ करून डबा घेऊन उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर कामाला जायचे. मी प्राथमिक शाळेत शिकवते. घरात आम्ही दोघं, एक मुलगी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडापासूनच त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. कुणाची चेष्टा करत, कुणाला लटक्या शिव्या घालत दारात पोचायचे आणि चप्पल काढायच्या आधी मला हाक. "काय गं, च्या मिळणार का न्हाय ह्या घरात?" चारचौघांत माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांना अहो म्हणायची, ते मला गं. आमटीत मीठ कमीजास्त झालं की भांडण. मालिका बघायची का बातम्या, त्यावरून भांडण. मोटारसायकलवर मला मागं बसवलं की समोर तोंड करून रस्ताभर बोलत राहायचे. वाऱ्यात मला एक शब्द ऐकू यायचा नाही, मी आपली व्हय व्हय म्हणायची. घरी आल्यावर म्हणायचे, "व्हय म्हणालीस नव्हं मघाशी? मग आता म्हैस घ्यायची."

संकेश्वरला माझ्या बहिणीकडं बारसं होतं. मुलीला घेऊन मी आदल्या दिवशीच गेले होते. ते कामावरून सुटून परस्पर मोटारसायकलवर येणार होते. उसाचा हंगाम होता. दिवेलागणीच्या वेळेला रस्त्याच्या कडेला भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती, तिला मागं दिवा नव्हता. हेल्मेट त्यांच्या डोक्यात होतं, पण हनुवटीचा पट्टा लावलेला नव्हता. आम्ही जेवणाची पंगत बसवत होतो तेव्हा फोन आला.

बेळगावात त्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. उजव्या मांडीत सळी घातली. डाव्या बाजूतली ताकद गेली होती. ते जगले, एवढंच त्या दिवसांत पुरेसं होतं. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसून आत्यांनी आणि मी देवाकडं दुसरं काहीही मागितलं नाही.

ते शुद्धीवर यायच्या आधीच फिजिओ त्यांच्याकडं येऊ लागली. गोकाककडची तरुण मुलगी. मराठी तिला यायचं, पण शब्द शोधत बोलायची. डोळे मिटून पडलेल्या माणसाला ती आधी सांगायची, "सर, आता मी तुमचा पाय उचलणार हं," आणि मगच पायाला हात लावायची. मला ते फार बरं वाटायचं. बाकीचे सगळे त्यांना नुसते हलवायचे.

तिनं मला पहिल्याच आठवड्यात जवळ बोलावलं. "आक्का, मी थोडा वेळ येणार. बाकी दिवस तुम्ही."

मग मी शिकले. शाळेत रजा टाकली आणि शिकले. कुशीवर कसं वळवायचं, खांद्याखाली उशी कुठं ठेवायची, मुठीत आवळून गेलेली बोटं अंगठ्यापासून कशी उघडायची, टाच तळव्यात धरून पाऊल वर कसं ढकलायचं. त्यांना पहिल्यांदा कॉटच्या कडेला बसवलं तेव्हा मान धरवत नव्हती. मी मागं गुडघ्यांवर बसून त्यांची पाठ माझ्या छातीला टेकवून घेतली आणि त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. टाके घातलेलं, भादरलेलं डोकं. फिजिओ समोरून कन्नडमध्ये मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु. मला वाटलं, आता ह्याच्यापुढं सगळं चांगलंच होणार.

पहिला शब्द आला तो "पाणी". आत्यांना बघून म्हणाले, "आई, कवा आलीस?" आत्या तिथंच खाली बसून रडल्या. मी पुढं झाले. माझ्याकडं त्यांनी नीट बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, जरा उशी वर घेतासा काय?"

मी उशी वर घेतली.

औषधाची गुंगी असेल, असं सगळ्यांनी सांगितलं. फिजिओसुद्धा म्हणाली की डोक्याला मार लागल्यावर असं होतं, माणसं गोंधळतात. आणि माझं त्यांच्याशी नातं तेव्हा होतंच कसलं? मी पुसायची, भरवायची, लघवीची पिशवी बदलायची, हातपाय ओढायची. दुखलं की "सोडा, सोडा" म्हणून ओरडायचे आणि मी सोडायची नाही.

काही दिवसांनी डॉक्टरांनी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, "ह्या कोण?"

"माझी बायको," असं म्हणून त्यांनी माझं नाव, माहेरचं गाव, शाळा, सगळं बिनचूक सांगितलं.

"मग सिस्टर का म्हणता?"

त्यावर त्यांनी जरा विचार केला. त्या दिवसापासून सिस्टर म्हणायचं बंद झालं. पण 'तुम्ही' राहिलं.

घरी आणल्यावर परसात आम्ही दोन बांबू कमरेएवढ्या उंचीवर आडवे बांधून घेतले. फिजिओ स्कूटीवर यायची. डाव्या पायाला प्लास्टिकची पट्टी चढवून, दोन्ही बांबू धरून ते उभे राहायचे. गुडघा मध्येच सुटायचा. मी समोर वाकून त्यांच्या गुडघ्याला माझा गुडघा लावायची. हाताच्या बोटांसाठी एका वाटीतून दुसऱ्या वाटीत वाटाणे टाकायचे. दोरीला कपड्यांचे चिमटे लावायचे आणि काढायचे. ते कधीही नाही म्हणाले नाहीत. पूर्वी डोकं दुखलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस आता सांगितलं की उठायचा, थांब म्हटलं की थांबायचा. फिजिओ म्हणायची, असा पेशंट तिला मिळालेला नाही.

चेहऱ्याचाही व्यायाम होता. डावा गाल थोडा खाली ओघळला होता. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, भुवया उडवायच्या, दात दाखवून हसायचं आणि हत्तु म्हणेपर्यंत, म्हणजे दहा होईस्तोवर, तसंच धरायचं. एका संध्याकाळी मुलगी शाळेतून आली तेव्हा तो व्यायाम चालला होता. आरशात तिला बापाचं हसू दिसलं. कितीतरी महिन्यांनी दिसलं. दोन्ही बाजूंनी सारखं, भरगच्च, पूर्वी होतं तसंच. ती दप्तर टाकून धावली आणि त्यांच्या मागं उभी राहून आरशात बघत हसायला लागली. "पप्पा! पप्पा हसले!"

फिजिओ हत्तु म्हणाली. त्यांनी तोंड मिटलं. चेहरा होता तसा झाला आणि पुढच्या सूचनेसाठी ते तिच्याकडं बघायला लागले.

 मुलगी दप्तर उचलून आत गेली. त्यानंतर व्यायामाच्या वेळी ती घरी थांबायची नाही, शेजारी अभ्यासाला जायची.

फिजिओ गाडी बाहेर काढत होती तेव्हा मी तिला गाठलं. "मॅडम, हातपाय येतायत. पण बाकीचं?"

तिला कळलं मी काय विचारतेय ते. तिनं गाडी परत स्टँडवर लावली. "आक्का, पाय माझ्याकडं आहे. हात माझ्याकडं आहे. ते माझ्याकडं नाही." आणि मग कन्नडमध्ये म्हणाली की त्यांना मेंदूच्या डॉक्टरांना परत एकदा दाखवा.

दाखवलं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार आहे, डॉक्टर म्हणाले. राग, हौस, माया, सगळं तिथूनच चालतं. थोडं सुधारेल, वेळ लागेल, किती ते सांगता येणार नाही. आहे त्याच्याशी जुळवून घ्या. ते बोलत होते तेव्हा मालक शेजारच्या खुर्चीत बसून सगळं शांतपणे ऐकत होते, दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय असे.

मी घरी येऊन एक वेड्यासारखं काम केलं. आमटीत मूठभर मीठ टाकलं. आत्या आणि मुलगी जेवायला बसायच्या आधी फक्त त्यांचं ताट वाढलं आणि समोर बसले. ताट सरकवावं, ओरडावं, "काय गं, मिठाचं पोतं फुटलं व्हय?" म्हणावं, म्हणून वाट बघत बसले. त्यांनी पहिला घास घेतला. थोडे थांबले. मग दुसरा घेतला. भाकरी कुस्करून सगळी आमटी संपवली आणि तांब्याभर पाणी प्यायले.

"कशी झालती?" मी विचारलं.

"चांगली झालती की. तुम्ही जेवलासा?"

मी परसात जाऊन भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी परत घासली.

काठीशिवाय ते रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन आले त्या दिवशी सगळी गल्ली दारात आली. आत्यांनी नारळ फोडला, साखर वाटली. बायका येऊन माझा हात हातात घेत होत्या. सावित्रीच आहेस बाई, असं कुणीतरी म्हणालं. मालक दारात पोचले, उंबऱ्यावर नीट पाय उचलला, आणि सगळ्यांच्या देखत मला हात जोडले. "तुम्ही लई कष्ट काढलासा," ते म्हणाले. बायकांनी डोळ्याला पदर लावले. मीही लावला.

माझं रडणं कशाचं आहे ते आत्यांना ओळखू आलं असावं. सगळे गेल्यावर त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "पोरगा हातापायानं धड झाला माझा. आणि काय पायजे गं तुला?"

"काय न्हाय, आत्या."

"वरडत न्हाय, आपटत न्हाय. पयला कसा होता? आता नुसता देवमाणूस झालाय."  मग पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "मला आई म्हणतोय, तेवढ्यावर मी गप हाय. तू पण गप ऱ्हा."

त्यानंतर आम्ही दोघी ह्या विषयावर कधी बोललो नाही. मेलेल्या माणसासाठी रडता येतं. लोक येऊन बसतात, दहावं होतं, तेरावं होतं. माझा माणूस रोज समोर जेवत होता. त्याच्यासाठी रडायला बसले असते तर लोकांनी मलाच वेडं ठरवलं असतं.

फिजिओचं येणं हळूहळू कमी झालं आणि एका दिवशी ती म्हणाली की आता शिकवण्यासारखं तिच्याकडं काही राहिलं नाही. डावा हात मात्र रोज ताणायला हवा, नाहीतर कोपरात परत आखडेल. तेवढं मी करते. शाळेतून आले की त्यांच्याशेजारी बसते, त्यांचा हात माझ्या मांडीवर घेते, कोपर सरळ करते, मनगट मागं दाबते, बोटं उघडते. दिवसभरात आमचा एकमेकांना स्पर्श होतो तो एवढाच. ते मध्येच म्हणतात, "आज ऱ्हाऊ दे की, दमलासा तुम्ही." मी म्हणते, "न्हाय, बसा."

आता ते परत कामावर जातात. लेथवर नाही, मोजमाप तपासायला खुर्चीवर बसवलंय. मुलीची फी वेळेवर भरतात, आत्यांच्या गोळ्या आठवणीनं आणतात. माझ्याही. मला ताप आला तर कपाळावर पट्टी ठेवतात, दर वेळेला पाणी बदलतात. वाईट वागवत असते तर मला भांडता तरी आलं असतं.

परवा निपाणीला एका लग्नाला गेलो होतो. तिथं त्यांचा जुना मित्र भेटला. पूर्वी आमच्या घरी येऊन माझ्या हातचं जेवून गेलेला माणूस. त्यानं ह्यांना मिठी मारली, मागं होऊन वरपासून खालपर्यंत बघितलं. "काय झालतं म्हणून सांगावं लागंल रं कुणाला! एकदम पयल्यासारखा दिसालाईस."

"ह्या आमच्या घरच्या," मालकांनी माझी ओळख करून दिली. "ह्यांनीच मला चालायला शिकवलं."

मित्र मोठ्यानं हसला. "आरं, वैनींची वळख मला करून देतोस व्हय?" त्याला ती चेष्टा वाटली. पूर्वीचे मालक अशी चेष्टा करायचेच. मीसुद्धा हसले. मालक आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले.

परत येताना एसटीला गर्दी नव्हती. त्यांनी मला विचारलं, "खिडकी पायजे काय तुम्हाला?" मी खिडकीशी बसले. दोन्ही बाजूला ऊस होता. थोड्या वेळानं माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेना. मी तोंड बाहेर वळवून घेतलं, पण त्यांनी बघितलं.

"डोळ्यात काय गेलं काय?"

"व्हय. धूळ गेलीया."

ते उठले, पुढच्या बाकाला धरून तोल सावरला आणि माझ्या डोक्यावरून वाकून खिडकीची काच पूर्ण ओढून घेतली. नीट बसली का ते दाबून बघितलं. मग परत जागेवर बसले आणि समोर बघत राहिले.