शिट्टीवरचं शवासन

मी पी.टी.चा शिक्षक. आखाडा बाळापूरच्या एका शाळेच्या मैदानावर पंचवीस वर्षं ओरडतो आहे. माझा आवाज मोठा, राग त्याहून मोठा, आणि डोक्यावर केस म्हणाल तर कानांच्या वर झालरीसारखे उरलेत तेवढेच. तिशीतच सगळे गेले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पोरं पाठीमागून टकल्या म्हणतात, ते मला ऐकू येतं, मी त्यांना मैदानाला दोन फेऱ्या जास्त मारायला लावतो, आणि आमची फिटंफाट होते.

पोरीचं तसं नसतं, हे मला फार उशिरा कळलं.

ती तेव्हा नववीत होती. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. तिची आई ओट्यावर बसून तिच्या दोन वेण्या घालत होती. शाळेचा नियमच आहे, दोन वेण्या आणि लाल रिबिनी. मधेच बायकोनं हाक मारली, "अवो, जरा इकडं या बरं." ती हाक अशी होती की मी अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आलो. पोरीच्या उजव्या कानामागं केस बाजूला सारले तर तिथं रुपयाएवढी जागा गुळगुळीत होती. पुरळ नाही, खाज नाही, जखम नाही, नुसतं कातडं.

"चाई पडली," बायको म्हणाली.

चाई आमच्याकडं कुणाला नवी नाही. ज्याला त्याला तिचा उपाय ठाऊक असतो आणि प्रत्येकाच्या भाचीचे केस त्यानंच आलेले असतात. आम्ही कांदा चोळला. कुणी गुंजेचा लेप सांगितला, तो लावला, तर कातडी सोलून निघाली आणि पोरगी आठ दिवस एकाच कुशीवर झोपली. संक्रांतीपर्यंत एकाच्या तीन चाया झाल्या. दोन वेण्यांची एक वेणी झाली, तीही उंदराच्या शेपटासारखी. हेडमास्तरांनी स्कार्फ बांधायची परवानगी दिली, तशी ती पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर गेली. खो-खोत तिच्यासारखा खांब मारणारी पोरगी आमच्या शाळेत दुसरी नव्हती. पळताना स्कार्फ सुटतो म्हणून तिनं खो-खो सोडला. मला सांगितलं सुद्धा नाही, फक्त यायची बंद झाली. ज्या मैदानावर माझा शब्द चालतो तिथं माझी पोरगी येईनाशी झाली आणि मी शिट्टी तोंडात धरून बघत राहिलो.

मग नांदेडला चामडीच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर शांत माणूस. त्यांनी भिंगातून डोकं बघितलं आणि सांगितलं की यात पोरीची चूक नाही, तुमचीही नाही. शरीर स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटतं. कुणाचे सहा महिन्यांत परत येतात, कुणाचे येतात आणि पुन्हा जातात, कुणाचे येत नाहीत. त्यांनी मलम दिलं. मी विचारलं, "आणखी आम्ही काय करायचं?"

"तिला ताण देऊ नका. झोप चांगली होऊ द्या. योगा, प्राणायाम करत असेल तर उत्तमच. मन निवांत राहतं, आणि त्याचा केसांना हातभार लागू शकतो. लागेलच असं मात्र सांगता येत नाही."

एवढ्या बोलण्यातला मी एकच शब्द घरी घेऊन आलो. योगा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर अख्खा ओंडका सापडल्यासारखं झालं. मलम डॉक्टरचं, केस देवाचे, पण योगा माझा होता. तो मी शाळेत शिकवतो, त्याचं माझ्याकडं सर्टिफिकेट आहे. इतके दिवस हात बांधून बसलेल्या माणसाला शेवटी काहीतरी करता येणार होतं. याचा मला इतका आनंद झाला की परतीच्या गाडीत मी पोरीला डोकं खाली करायची सगळी आसनं नावानिशी सांगितली. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "बरं."

ती कधीच नाही म्हणत नाही. तो तिचा स्वभाव आहे असं मी लोकांना कौतुकानं सांगायचो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला गच्चीवर दोन सतरंज्या पडल्या, एक तिची, एक माझी. एक शिट्टी झाली की अधोमुख श्वानासन, दोन झाल्या की सर्वांगासन, तीन झाल्या की हलासन. डोक्याकडं रक्त गेलं पाहिजे, मुळांना पोचलं पाहिजे, असं माझं गणित. ती पाय खाली आणायला लागली की मी ओरडायचो, "अजून दहा आकडे!" बसल्या जागी नखावर नख घासायचं, ते वेगळंच. मोबाईलवर कुणीतरी सांगितलं होतं की नखं घासली की केस येतात. मी स्टाफरूममध्ये सुद्धा घासत बसायचो, तिला सोबत म्हणून. गणिताचे सर म्हणाले, "सर, आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येईल?" सगळे हसले. मीही हसलो, आणि घासत राहिलो.

शेवटी लांब शिट्टी, म्हणजे शवासन. सात मिनिटं. मी मोबाईलला गजर लावून माझ्या सतरंजीवर आडवा व्हायचो आणि डोळे मिटून तिला सूचना द्यायचो. "अंग सैल सोड! श्वासाकडं लक्ष दे! शांत हो! शांत हो म्हणतो ना!" शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई एकदा म्हणाली, "सर, तुमी बोंबलून राहिले म्हणल्यावर लेकरू शांत होईन कसं?" मी तिला म्हणालो, तुमी तुमचे पापड बघा.

गजर वाजला की उठायचो आणि तिची सतरंजी बघायचो. ती घरातही स्कार्फ बांधूनच असायची, तरी पहिल्या आठवड्यात त्याखालून गळालेले केस सतरंजीवर दिसायचे. मी वाकून मोजायचो. कमी असले तर "शाब्बास". तीसच्या वर गेले तर माझं तोंड सुटायचं. "आज तुझं ध्यान न्हवतं. मनापासून करत न्हाईस तू." जणू केस ती मुद्दाम सांडत होती. हे आता लिहिताना माझे कान तापतात, पण तेव्हा मला ते बराबर वाटायचं. मैदानावर हेच तर शिकवत आलो, की जो हरतो त्यानं जीव लावलेला नसतो.

आणि मग केस कमी व्हायला लागले. तीसचे वीस, वीसचे दहा. गुढीपाडव्याच्या सुमाराला तर सतरंजी स्वच्छ. एक केस नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी बायकोला हाक मारून गच्चीवर नेलं आणि दाखवलं. ती सतरंजीकडं बघत राहिली आणि खाली गेली. माझ्या आनंदात मिठाचा खडा टाकायची तिला सवयच आहे असं मला वाटलं.

तिच्या डोक्याला मलम तिची आई लावायची, दार लोटून. मी कधी बघितलं नाही. मला सतरंजी बघायची सवय झाली होती.

जूनमध्ये शाळा उघडली, ती दहावीत गेली आणि लगेच योग दिन आला. मैदानावर सगळी शाळा, पालक, दोन-चार पुढारी. मी ठरवलं की प्रात्यक्षिकाला पुढं हीच बसेल. बायको म्हणाली, "तिला पुढं नका बसवू." मी म्हणालो, "काहून? चोरी केली का तिनं?" पोरीला विचारलं तर ती म्हणाली, "बरं."

तिनं सुंदर केलं, यात खोटं नाही. सर्वांगासनात पाय अगदी सरळ वर गेले. स्कार्फ जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या. आणि मला राहवलं नाही. मी माईक हातात घेतला आणि सांगितलं की ही माझी स्वतःची मुलगी, हिचे केस मुठी-मुठीनं जात होते, औषधं थकली, पण योगानं केस गळायचे थांबले. आता उगवायचेच बाकी आहेत. डॉक्टरांचं "लागेलच असं नाही" मी गिळून टाकलं. चार-पाच बाया माझा नंबर घेऊन गेल्या. कुणाच्या सुनेचे जात होते, कुणाच्या लेकीचे. मी सगळ्यांना म्हणालो, उद्यापासून माझ्या गच्चीवर या.

घरी आल्यावर ती आरशासमोर उभी राहून स्कार्फच्या पिना काढायला लागली. एक काढली, दुसरी काढली, काढतच राहिली. अकरा पिना होत्या. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "पप्पा, तुमी माईकवर तसं काहून सांगितलं?"

"खरं ते सांगितलं."

"खरं न्हाई ते."

तिनं दप्तरातून जुनी कंपासपेटी काढून माझ्या हातात दिली. आत कंपास नव्हता. केस होते, गुंडाळून गुंडाळून भरलेले, पेटीचं झाकण नीट लागत नव्हतं.

"तुमी शवासनात डोळे मिटून राहता ना," ती म्हणाली, "तवा मी येचून घेते. तुमी मोजले की तुमाला लई वाईट वाटते म्हणून."

मी बायकोकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला माहीत होतं. मी म्हणालो, "मग मला सांगायचं न्हाई?" ती म्हणाली, "तुमाला कोण सांगावं? तुमी ऐकून घेता का कुणाचं?"

पोरीनं स्कार्फ काढला. उजव्या बाजूला काहीच उरलं नव्हतं, आणि मागं, मानेच्या वर, आमच्या शेतातल्या बांधासारखा एक पट्टा काळा राहिला होता. मला रडू आलं नाही. लाज वाटली. चार-साडेचार महिने, रोज सात मिनिटं, डॉक्टरांनी सांगितलेल्या निवांतपणाचा तेवढाच वेळ तिच्या वाट्याला होता. त्या सात मिनिटांत ती गुडघ्यांवर बसून, आवाज न करता, घाईघाईनं स्वतःचे केस वेचत होती आणि माझा गजर वाजायच्या आत परत आडवी होत होती. मी शेजारी पडून तिला शांत हो म्हणत होतो. योगा तिनं एक दिवस सुद्धा केला नव्हता. केला होता तो मी, तिच्या अंगावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. मी रात्रीच सगळ्यांना फोन करून येऊ नका म्हणून सांगायला हवं होतं. केला नाही. काय सांगावं ते सुचलं नाही. दारात डोंगरकडा गावची एक बाई उभी होती, पहिल्या गाडीनं आलेली, सोबत सात-आठ वर्षांची मुलगी. बाईनं मुलीच्या डोक्यावरची टोपी उचलून मला चाई दाखवली. एकच होती, कपाळाच्या वर. मुलगी माझ्या टकलाकडं बघत होती.

"सर, माझ्या लेकराचे येतील न्हवं? तुमच्या पोरीचे थांबले म्हणता."

माझा आवाज गावात दोन गल्ल्यांपलीकडं जातो. त्या सकाळी तो जेमतेम जिन्यापर्यंत गेला. माझी पोरगी जिन्यात उभी राहून ऐकत होती, डोक्याला स्कार्फ नव्हता. मी म्हणालो, "थांबले न्हाईत बाई. मी खोटं बोललो. तुमच्या लेकराचे येतील का न्हाई, मला म्हाईत न्हाई. डॉक्टरला दाखवा."

बाईनं जिन्यातल्या माझ्या पोरीकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, ती शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. ती म्हणाली, "दाखवलं डॉक्टरला. त्यांला बी म्हाईत न्हाई." मग पायातल्या चपला काढत म्हणाली, "आलोच हावोत तर बसू द्या घडीभर. घरी जाऊन बी काय करावं?"

गच्चीवर चार सतरंज्या टाकल्या. मी शिट्टी वाजवली नाही, आकडे मोजले नाहीत. खरं तर काय करावं तेच मला कळत नव्हतं. म्हणालो, आज आसनं नकोत, नुसतं पडून राहू. लहान मुलगी लगेच झोपली. तिची आई डोळे मिटून पडली, तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडं वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. मी डोळे उघडे ठेवले होते. शेजारच्या सतरंजीवर माझी पोरगी, तिचेही उघडेच.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "न्हाईच आले तर तुमी रागवाल का?"

पंधरा वर्षांची पोर. केस नाही आले तर कशी दिसेन, लोक काय म्हणतील, हे तिनं विचारलं नाही. मला खूप काही बोलायचं होतं. की नाही गं, कधीच नाही. की चूक माझी. पण तोंड उघडलं असतं तर रडणंच बाहेर आलं असतं आणि तिला पुन्हा मलाच सांभाळावं लागलं असतं. मी फक्त मान हलवली, नाही म्हणून.

"बरं," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. मी बघत राहिलो. तिचा श्वास संथ झाला, चेहरा सैल पडला. फक्त उजवा हात सतरंजीवरून हळूहळू फिरत होता, बोटांनी चाचपत, केस शोधत.