कोरड्या विहिरीतली हलती रेघ

पुण्याहून निघाले तीच वैतागून. माजलगावजवळच्या एका उपसा सिंचन सहकारी संस्थेचा आदल्या संध्याकाळी फोन आला होता: विहिरीत पाण्याचा टिपूस नाही, तरी पातळी मोजणाऱ्या यंत्राचा आकडा हलतोय. हे यंत्र रडारसारख्या मिलिमीटर लहरी खाली सोडतं आणि परतीच्या लहरीवरून पातळी सांगतं. त्यातला मुख्य भाग मीच प्रयोगशाळेत तपासून पास केला होता. म्हणजे नाक माझंच कापलं जाणार!

वाटेत तलवाड्याला भाकरी-ठेचा खाल्ला. हॉटेलवाल्याने तांब्या अर्धाच भरून दिला. "आजून मागू नका, ताई," तो म्हणाला.

पुढे धरणाचा तळ दिसला आणि माझी कुरकुर थांबली. गाळपेरीची (पाणी ओसरलेल्या तळातल्या पेरणीची) धसकटंही वाळली होती. एक पाखरू नव्हतं. भर दुपारी मला तिथे भीती वाटली.

जॅकवेलवर (पाणी उपसायच्या विहिरीवर) संस्थेचे सेक्रेटरी उभे होते. सावलीत भाकरीचं गठुडं घेऊन कौसाबाई बसली होती, पंप चालवणाऱ्या नामदेवची बायको. "मालक काल जनावरांच्या छावनीवर गेलते म्हनं," ती म्हणाली. "आजून आले न्हाईत."

मी यंत्र सोडवून धातूच्या पत्र्यासमोर धरलं. लॅपटॉपच्या पडद्यावर पातळीची रेघ सरळ. परत विहिरीवरच्या स्लॅबमधल्या त्याच्या भोकात टांगलं. रेघ हळूच उठे, बसे, पुन्हा उठे. आतला भाग बदलला, तरी तेच.

"कावून हालायलंय वो हे?" सेक्रेटरींनी विचारलं.

"यंत्र ठीक आहे. हलतंय ते खाली आहे," मी बोलून गेले आणि मग ध्यानात आलं. श्वासाने छातीचं वर-खाली होणंसुद्धा ही लहर पकडते. "खाली कोणी उतरलं होतं का?"

सेक्रेटरी पांढरेफटक पडले. "काल मानूस उतरायच्या तोंडाचं झाकन उघडं दिसलं. वासरू पडंल म्हनून म्याच लावलं."

झाकण काढलं. हाका मारल्या. दोन गडी दोर घेऊन उतरले. पडद्यावर नुसता गोंधळ झाला, मग रेघ एकदम सरळ. कौसाबाईने माझं मनगट आवळलं. "म्याडम, हे कावून थांबलं?"

गड्यांनी त्याला यंत्राखालून बाजूला ओढलं होतं, एवढंच. पण नामदेवचा गाळाने माखलेला हात काठावर दिसेपर्यंत ते मला सुचलं नाही. उतरताना पायरी निखळून तो पडला होता. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्याने आधी पाणी मागितलं.

पुण्यात तो बदलून आणलेला भाग मी तपासणीच्या बंद खोलीत पुन्हा लावला. रेघ अगदी सरळ आली. अशा रेघेसाठी आजवर जीव टाकला, आता ती बघवेना. मी आत जाऊन यंत्रासमोर उभी राहिले. रेघ हलायला लागली, तेव्हा कुठे जीवात जीव आला.