कव्हरखाली दबलेलं बक्कल

माझ्या भावाच्या गाडीला त्या दिवशी साधा ओरखडाही उमटला नाही. लोक हे कौतुकानं सांगायचे, आणि मला ऐकवत नसे. कळंबकडून यवतमाळला येताना तुरीच्या शेतातून एक रोही, म्हणजे नीलगाय, उडी मारून रस्त्यावर आला. भावानं ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली आणि रोही पलीकडच्या कपाशीच्या पऱ्हाटीत निघून गेला. पुढे बसलेल्या माझ्या आईचा चष्मा तेवढा पडला. मागच्या सीटवर भावजयीच्या मांडीवर बसलेली चार वर्षांची माझी भाची मात्र दोन सीटांच्या मधून पुढे फेकली गेली आणि तिचं डोकं समोर आपटलं.

रविवार होता, ते सगळे माझ्याकडेच जेवायला निघाले होते. भावाचा फोन आला तेव्हा मी पुरणाची डाळ शिजायला टाकली होती. गॅस बंद करून धावत दवाखान्यात गेले. भाची संध्याकाळपर्यंत होती, मग नव्हती.

भावजय व्हरांड्यातल्या बाकावर बसून एकच म्हणत होती, "म्या तं धरली होती जी ताई. दोन्ही हातानं धरली होती."

भावाच्या घरी माणसं भेटायला येऊ लागली. आमच्याकडे दुःखाच्या घरी येणारा माणूस रिकाम्या तोंडानं येत नाही. एकानं भावाच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "काळ आला होता, पण वेळ आली नव्हती." मी तिथल्या तिथे विचारलं, कोणाची आली नव्हती? त्याच्यानंतर तो गृहस्थ चहा न पिता गेला. आईनं कळंबच्या चिंतामणी गणपतीचा राहिलेला नवस आठवून कपाळ बडवलं. मी म्हटलं, देवाला मध्ये ओढू नकोस, देव गाडी चालवत नव्हता. आणि चुलीजवळ बसलेल्या बायका आवाज उतरवून, पण भावजयीला ऐकू जाईल इतपतच उतरवून, म्हणायच्या, "मायच्या हातातून लेकरू सुटलं, बाई."

तेरवी झाल्यावर भाऊ मला यवतमाळला सोडायला त्याच गाडीतून निघाला. मी मागे बसले. गाडीत बसलं की पट्टा ओढायची माझी सवय आहे, त्यावरून सगळं घर मला हसतं. पट्टा ओढला, पण तो अडकवायला बक्कलच सापडेना. गाडी घेतली तेव्हा भावानं मोठ्या हौसेनं मरून रंगाची वेलवेटची कव्हरं बसवून घेतली होती. त्यावरून हात फिरवला तर आत काहीतरी टणक लागलं. तिन्ही बक्कलं कव्हरच्या खाली दबलेली होती, वरून टाके घातलेले.

"हे काय रे?" मी विचारलं.

"कव्हरवाले असेच बसवतात," तो आरशात न पाहता म्हणाला. "सगळ्याइच्या गाडीत असेच असते."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पुढे मी ज्याच्या त्याच्या गाडीत मागे बसून चाचपून पाहिलं. दहातल्या आठ गाड्यांत बक्कलं पुरलेली. आणि त्यांच्यावर आयाबाया मांडीवर लेकरं घेऊन निर्धास्त बसलेल्या. मायच्या मांडीसारखी जागा नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलेलं. बैलगाडीत ते खरं असेल.

मी भावजयीला सगळं समजावलं. वेगातली गाडी एकदम थांबली की लेकराचं वजन पोत्यासारखं होतं, पहिलवानाच्या हातालाही ते पेलत नाही, तुझे हात कमी पडले नाहीत. ती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही माह्या मनाची समजूत काढून राह्यल्या, ताई. तुम्ही चांगल्या हा."

तिनं हळूहळू लेकरं हातात घेणंच सोडलं. शेजारणीनं बारशाला बाळ पुढे केलं तर दोन पावलं मागे सरली, "नोको, माह्या हातात नोको देऊ." एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर पिठाचा डबा समोर ठेवून आपले तळवे पाहत उभी होती. मी आलेली तिला कळलंही नाही.

भावानं कव्हरं फाडून फेकली. वरातीमागून घोडं, पण फेकली. त्यापलीकडे तो काही बोलला नाही. बायको तळवे पाहत असायची आणि हा उठून शेतात जायचा. मला वाटायचं, दुःखानं गप्प झाला असेल.

दोन वर्षांनी मुलगा झाला. बाळंतपण तिच्या माहेरी, उमरखेडला झालं. तिच्या आईनं मला फोनवर सांगितलं की पोरगी बाळाला उचलतच नाही. पाजायचं असलं की बाजेवर कुशीला आडवी होते आणि दुसऱ्या कोणी तरी बाळ आणून शेजारी ठेवायचं.

सव्वा महिन्यानंतर आणायला भाऊ निघाला तेव्हा मीही गेले. त्यानं मागच्या सीटवर बाळाची खुर्ची पट्ट्यानं घट्ट बसवून घेतली होती, मागे तोंड केलेली. ती पाहून आमची आई निघतानाच म्हणाली होती, "लेकराले चोरावानी बांधून आनता का रे?" भावानं खुर्चीचा पट्टा आणखी एकदा ओढून पाहिला.

उमरखेडला ओटी भरली, कुंकू लावलं. दारात शेजारच्या बायका जमल्या. भावजयीच्या आईनं बाळ आपल्या छातीशी घेऊन गाडीपर्यंत आणलं. खुर्चीकडे तिनं लक्षच दिलं नाही. लेकीपुढे बाळ धरून, डोळे पुसत, अगदी मायेनं ती म्हणाली, "यावेळी तरी घट्ट धरजो, माय."

भावजयीनं हात पुढे केले नाहीत. ते दोन्ही पदराखाली गेले.

"तिच्या हातातून काही सुटलं नव्हतं," भाऊ म्हणाला. तो गाडीच्या दाराला धरून उभा होता. "कव्हरवाल्यानं मले इचारलं होतं. बक्कल वर काढून देऊ का, म्हने, छेद पाडतो. म्या म्हटलं, कायले, बसाले रुतते, दाबून टाक."

हे मलाही तेव्हाच कळलं. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं, भर अंगणात सासुरवाडीच्या माणसांसमोर बोलायला छाती लागते. पण मला त्याचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

भावजय त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं आईच्या हातातून बाळ घेतलं. मी मदतीला पुढे झाले, पण तिनं मला मानेनंच नको म्हटलं. बाळाला खुर्चीत ठेवलं, पट्टे खांद्यांवरून आणले. ते कसे अडकवायचे तिला कळेना. भाऊ दाखवायला वाकला तशी तिनं त्याचा हात बाजूला केला आणि स्वतःच खटपट करत अडकवले.

मग बाळाच्या पायावरचं दुपटं सारखं करत, वर न बघता ती बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"दोन वर्षं मी माह्ये हात पाहून राह्यली. अन् तुम्ही मले पाहू देल्ले."